फडकं ओलं नव्हतं

मल्हारी, काल तुझ्या तेराव्याला पहिली पंगत निम्म्यावर आली असताना तुझं मीटर ओरडलं.

जागा तुझीच. स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा खिळा, खिळ्यावर हवेतला गॅस ओळखणारं तुझं पिवळं मीटर, त्याखाली तुझी वेताची खुर्ची. खुर्चीत आता तुझा फोटो आहे आणि फोटोला चंदनाचा हार. गेल्या महिन्यात आयुधपूजेला जिवंतपणी तुझ्या गळ्यात पडला होता तोच. वहिनींना दुसरा आणायचं सुचलं नाही, आणि चंदनाचे हार सुकत नाहीत.

लाल दिवे लागले, मीटर खिळ्यावर थरथरायला लागलं आणि ती किंकाळी सुरू झाली, जी कारखान्यात शंभर फुटांवरून ऐकू यावी म्हणून केलेली असते. पंचवीस माणसांचे हात ताटात थांबले. कोणीतरी हळूच ‘आला’ म्हणालं. कोण आला ते कोणी विचारलं नाही.

मी उठलो आणि उष्ट्या हातानंच ते काढलं. पडद्यावर ऑक्सिजन १८.९. चांगल्या हवेत २०.९ असतो आणि साडेएकोणीसच्या खाली गेला की मीटर बोंब मारतं, हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की माझ्या नातवंडांनाही पाठ आहे. खिडक्या उघड्या होत्या. तरी मी ते घेऊन परसात गेलो, आंब्याखाली उभा राहिलो. १८.९. मग १८.८. मैसूरच्या उघड्या आभाळाखाली हवेची टंचाई होत नाही. म्हणजे हवा ठीक होती आणि मीटरमधली ऑक्सिजन मोजणारी बारकी डबी संपली होती. पाकीट फाडलं त्या क्षणापासून ती स्वतःला खात जाते, वापरा न वापरा, आणि दोन वर्षांत संपते. मागचं झाकण काढून पाहिलं. डबीवर तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची, माझ्याच अक्षरात.

कारण सगळं कळलं, तरी मानेवरचे केस खाली बसेनात. तुझ्या घरातलं तुझं यंत्र तुझ्या तेराव्याला सांगत होतं की इथे श्वास पुरत नाही.

पद्मावहिनी मागोमाग आल्या. म्हणाल्या, “बंद करू नका, भावोजी.” तू गेल्यापासून त्या रोज ते चार्जिंगला लावतात, तू लावायचास तसं. सगळं ठीक असलं की मीटर दर मिनिटाला एकदा टिक्‌ करतं, मी जागा आहे असं सांगायला. त्या टिकेवर त्यांना झोप लागते. ते गप्प झालं तर घरात आपण एकट्या आहोत हे कळतं, म्हणाल्या.

आणि मग, जाता जाता, भाताचं पातेलं आठवून आत वळताना म्हणाल्या, “जायच्या आदल्या रात्री जेवताना सारखे म्हणत होते बघा. मेष्ट्र्याला विचारायचंय, फडकं कुठलं वापरलं. उद्या विचारतो, म्हणाले.”

त्या उद्याच्या सकाळी तू त्या खुर्चीत होतास, हात मांडीवर, कॉफी गार. काही बोलला नाहीस, कोणाला हाक मारली नाहीस. तेरा दिवस मी त्याला शांत मरण म्हणत होतो. परसात उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की तू प्रश्न तोंडात धरून गेलायस, आणि प्रश्न मला होता.

*

तुला सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण मला सांगायला पाहिजे.

तू मला मेष्ट्रू, म्हणजे मास्तर, म्हणायचास, कारण मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि तुझ्या मते त्यातून कोणाचंही काही बिघडलं नाही की सुधारलं नाही. निवृत्त झाल्यावर मी घरात पुस्तकं वाचत सुन्न बसायला लागलो, तेव्हा तू मेटगळ्ळीतल्या तुझ्या मीटर तपासायच्या खोलीत एक लोखंडी स्टूल ठेवलंस. लेथच्या कारखान्यामागची दहा बाय बाराची खोली. “सुम्ने, उगाच बसू नकोस, अक्षर चांगलं आहे तुझं, तारखा घाल.” एवढंच आमंत्रण. पाकीट फाडलं की डबीवर तारीख घालायची, हे माझं काम. त्या स्टुलानं मला काय दिलं ते मी तुला कधी म्हटलं नाही. आपण चुलतभाऊ, आणि आपल्या घराण्यात असलं बोलत नाहीत. आपले पूर्वज मैसूरच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे, आणि घोड्यावरून हळुवार बोलता येत नसावं.

खोलीचे तुझे नियम. उदबत्ती नाही. डोक्याला वासाचं तेल लावलेला माणूस उंबऱ्याबाहेर. हाताला सॅनिटायझर चोळून आलेल्या इन्स्पेक्टरला तू साबणानं हात धुवायला लावले होतेस. आणि सगळ्यांत मोठा नियम, मीटर पुसायचं ते ओल्या फडक्यानं, नुसत्या पाण्याच्या. कुठलाही स्प्रे, पॉलिश, चमक खोलीत येता कामा नये. मी याला तुझं सोवळं म्हणायचो. तुला तर एका जुन्या तापापासून वासच येत नव्हता. ज्याला वास येत नाही त्यानं वायू ओळखण्याचं दुकान काढावं, यावर मी बरेच विनोद केले. “नाक खोटं बोलतं, माझं निदान गप्प तरी बसतं,” असं तू म्हणायचास.

मीटरच्या पोटात दोन सेन्सर. एक ही ऑक्सिजनची डबी. दुसरा मणी, मोहरीएवढा, आतून तापलेला. जळणारा वायू त्याच्यापाशी आला की त्याच्यावर जळतो, मणी आणखी तापतो आणि मीटरला कळतं. दोघांचे स्वभाव तू मला माणसांसारखे सांगितले होतेस. डबी मरताना आरडाओरडा करून मरते. मणी मरतो तो गप्प. त्याच्यावर चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन बसलं की काचेसारखा थर चढतो. मणी तापलेलाच राहतो, मीटर स्वतःला तपासतं, सगळं ठीक म्हणतं, दर मिनिटाला टिक्‌ करतं, आणि वायूत बुडवलं तरी शून्य दाखवतं. “ओरडणाऱ्याची काळजी करू नकोस, मेष्ट्रे. गप्प आहे त्याला विचार.” विचारायचं म्हणजे तोंडावर रबरी टोपी लावायची, नळी जोडायची, बाटलीतला ठरलेला वायू सोडायचा आणि ओरडतं का बघायचं. बंप टेस्ट.

आपलं भांडण आयुधपूजेवरून. दर वर्षी. मी म्हणायचो, दोन वर्षांत फेकून द्यायच्या वस्तूची पूजा कसली करतोस. तू म्हणायचास, तुमच्याकडच्या तलवारीसारखी नाही ना, म्हणून. आमच्याकडे ती पणजोबांची तलवार आहे, म्यानात गंजून बसलेली. शंभर वर्षांत कोणाला उपसता आलेली नाही. दर वर्षी म्यानाला कुंकू लावतो आणि तिच्यावर मी एक व्याख्यानही दिलंय. “तुझी तलवार शंभर वर्षं झीरो दाखवतेय. बंप टेस्ट कर एकदा तिची,” असं तू माझ्या सासरच्या माणसांसमोर म्हणालास. मी दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी. आता वाटतं, आपल्या घराण्याच्या इतिहासावर इतकं अचूक कोणी बोललं नव्हतं.

तुझी पूजा मात्र वेगळी. मीटर चालू ठेवून. झोपलेल्यांची पूजा मी करत नाही, म्हणायचास. प्रत्येकाच्या तोंडावर रबरी टोपी, म्हणजे जाळीत कुंकू जायला नको. कुंकू टोपीला. आठ पिवळी मीटरं, आठ काळ्या टोप्या, आठ लाल ठिपके, आणि मधूनच कोणाची तरी टिक्‌.

या वर्षी त्यात सत्कार शिरला. कारखानदारांच्या संघटनेचे कोणी पदाधिकारी पूजेला येणार, तुला मैसुरी पेटा आणि शाल घालणार, चंदनाचा हार घालणार, फोटो निघणार. तू म्हणालास, “येऊ दे, पेटा वर ठेवला की टक्कल झाकतं.” आणि डिलिव्हरीला बन्नूरला निघून गेलास. तपासून, हिरवं स्टिकर आणि तुझी सही लावून आठ मीटरं टेबलावर चालू ठेवली होतीस, एका मद्यार्क कारखान्याची.

मी एकटा खोलीत. मीटरांवर बोटांचे डाग, ग्रीस, पिवळा रंग मळका. उद्याचा फोटो माझ्या डोळ्यांपुढे आला. दिखाव्यावर आयुष्यभर टोमणे मारलेला मी, मल्हारी, तुझ्या टेबलावर दिखावा करायला उठलो. माझ्या गाडीत डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे होता. आठही मीटरांवर मारला, पुढून मागून, आणि रुमालानं घासलं. लिंबाचा वास सुटला. मी खिडकी उघडली, म्हणजे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तू त्यांच्यावर टोप्या घातल्यास. जे काही वर चिकटलं होतं ते जाळीशीच कोंडलं गेलं, तुझ्या काळजीनं. तू एक मीटर उजेडात धरून बघितलंस. “छान चमकतायत. काय केलंस?”

“सुम्ने ओल्या फडक्यानं पुसले.”

तू मान हलवलीस. मग पाहुणे आले, पेटा चढला, फोटो निघाला. त्या फोटोत मीटरं तुझ्यापेक्षा चांगली दिसतात. संध्याकाळी कारखान्याचा सुपरवायजर नागराजू आला आणि आठही घेऊन गेला.

तुला शंका कधी आली असेल? मी तेच शोधत बसलोय. फोटो बघून, बहुतेक. पाण्यानं प्लास्टिक तसं चमकत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

*

आंब्याखालूनच मी नागराजूला फोन लावला. तो आनंदात होता. तुझ्या तेराव्याला येता आलं नाही म्हणून हळहळला, मग म्हणाला, काय करणार सार, स्पिरिटची जुनी टाकी रिकामी केलीय, बरेच दिवस पुढे ढकललेलं काम आहे, आज तीन वाजता वेल्डर आत उतरणार. मी विचारलं, मीटर काय दाखवतंय.

“झीरो, सार. आठही झीरो. एकदम क्लीन.”

मी म्हटलं, कोणाला आत सोडू नको, मी येतोय. तो हसला. मल्हारी सारांची सही आहे, सार, यावर काय बघायचं? त्यांच्याकडची टेस्ट गॅसची बाटली केव्हाच संपली होती आणि तुझ्या सहीवर चाललं होतं. मी म्हटलं, सही त्यांची आहे, चूक माझी आहे, थांब. तो थांबतो म्हणाला, पण वेल्डर ठेकेदाराचा आहे, फार थांबणार नाही.

हात तसाच उष्टा होता. वहिनींना सांगितलं, तुझं मीटर नेतोय. त्यांनी मीटरकडे बघितलं, जणू माणूस बाहेर पाठवतायत.

मेटगळ्ळीत तुझी खोली उघडली. तेरा दिवसांची बंद हवा आणि त्यात लिंबाचा वास. इतके दिवस तो वास टिकत नाही, हे मला माहीत आहे. तरी आला. टेबलावर आठ रबरी टोप्या ओळीत मांडलेल्या होत्या, कुंकू लागलेल्या, आणि बाजूला टेस्ट गॅसची बाटली, नळी जोडून तयार. पूजेनंतर तू सगळं आवरून ठेवतोस. हे आवरलेलं नव्हतं. हे काढून ठेवलेलं होतं. ती मीटरं परत मागवून तपासायची तुझी तयारी होती, माझं उत्तर आलं की. मी खोलीत तुला हाक मारली नाही. पण उंबऱ्यावर थांबून माझे हात साबणानं धुतले, मग टोप्या आणि बाटली उचलली.

कारखान्याकडे जाताना बन्नूरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते. शेजारच्या सीटवर तुझं मीटर वीस मिनिटं ओरडत होतं. बंद करता आलं असतं. केलं नाही.

कारखान्याच्या आवारात सगळ्यालाच स्पिरिटचा वास, म्हणून तिथे वासावर कोणी जात नाही. टाकीचं झाकण उघडलेलं, शिडी आत सोडलेली, वेल्डर कट्ट्यावर विडी न पेटवता हातात धरून बसलेला. आठ मीटरं ओळीनं ठेवलेली. काय चमकत होती. टिक्‌, थोड्या वेळानं दुसऱ्याची टिक्‌. जागे आहोत, ठीक आहे, जागे आहोत.

मी पहिल्याला टोपी लावली आणि बाटली सोडली. वायूचा सुस्कारा ऐकू येत होता. पडद्यावर शून्य. मी पूर्ण मिनिट थांबलो, तू थांबायचास तसं. शून्य, आणि वर एक टिक्‌. दुसऱ्याचं शून्य. तिसरं तीनपर्यंत चढलं आणि परत खाली आलं, काहीतरी आठवून विसरल्यासारखं. आठांपैकी एकही ओरडलं नाही. मी मेलेल्या तोंडांवर टोप्या चढवत होतो आणि ती तोंडं मला सांगत होती, काळजी नको.

मग दोरीला तुझं मीटर बांधलं. नागराजू म्हणाला, “सार, हे बिघडलंय. आधीपासूनच ओरडतंय.”

“अर्धं मेलंय,” मी म्हटलं. “उरलेल्या अर्ध्यावर विश्वास ठेव.”

तुझ्या मीटरला माझं फडकं कधी लागलं नव्हतं. आधी बाटली लावून बघितली, मण्याचा आकडा लगेच चढला. मग टाकीत सोडलं. वर पाच. शिडीच्या मध्यावर बारा; दहाच्या वर माणूस आत सोडायचा नसतो. स्पिरिटची वाफ जड असते, तळाशी बसते. तळाशी आकडा तिसावर गेला आणि थांबला नाही. खालून ती किंकाळी टाकीच्या पत्र्यात घुमून वर यायला लागली, दुप्पट, चौपट, माणसाच्या आवाजासारखी नाही, पण फार लांबचीही नाही. वेल्डर उठला, विडी खिशात घातली आणि शिडी वर ओढून घेतली. मला त्याचं नावही माहीत नाही. त्याला वेल्डिंगची ज्योत पेटवून त्याच तळावर उभं राहायचं होतं.

नागराजू तुझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, मल्हारी सारांनी असं कसं केलं? पाच-सहा माणसं होती. मी बोललो असतो की सेन्सरच खराब आले होते, तर कोणी शंका घेतली नसती. तू तर नव्हतासच. खरं सांगतो, वाक्य तयार होतं माझ्याकडे. तीस वर्षं व्याख्यानं दिलेला माणूस आहे मी.

मी म्हटलं, त्यांनी तपासून दिली होती. नंतर मी स्प्रे मारला, फोटोसाठी. त्यांनी विचारलं तेव्हा ओलं फडकं म्हणालो. फडकं ओलं नव्हतं.

हे ज्याला सांगायचं तो सोडून सगळ्यांनी ऐकलं.

*

आज सकाळपासून तुझ्या टेबलाशी बसलो होतो. स्टुलावर नाही, तुझ्या जागी, कारण उजेड तिथेच आहे. आठही मीटरांची झाकणं काढली, जुने मणी उपटले, जाळ्या बदलल्या. नवे मणी बसवले. ते रात्रभर स्थिरावल्यावर बाटलीनं तपासायचे. ते काम तुझ्याकडे सर्टिफिकेट द्यायला येणारा बंगळूरचा माणूस येऊन करेल, मी बोलावलंय. सही त्याची. तुझी आठ स्टिकरं मी नखानं काढली. फार घट्ट लावायचास.

तलवारीचंही सांगतो. सकाळी निघण्याआधी उपसायचा प्रयत्न केला. मूठ हातात आली. पात्याचा पत्ता नाही.

शेवटी तुझं मीटर. ड्रॉवरमध्ये डबीचं एकच सीलबंद पाकीट होतं. फाडलं, तारीख घातली, बसवलं. दुपारी घरी नेलं तेव्हा २०.९ होतं. खिळ्यावर टांगलं. वहिनी दारात उभ्या राहिल्या, एक टिक्‌ ऐकली, “आयतु, झालं,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग मी ते पुन्हा काढलं आणि घरभर फिरवलं, तू नव्या सेन्सरनंतर फिरवायचास तसं. गॅसची शेगडी, मोरी, देवघर. शेवटी तुझ्या खुर्चीपाशी आलो. फोटो उचलून बाजूला ठेवला, मीटर वेताच्या पाठीपाशी धरलं, जिथे तुझं डोकं टेकायचं, आणि श्वास रोखून एक मिनिट उभा राहिलो. कशासाठी, ते विचारू नकोस. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. आकडा शून्य होता.

पण शून्यावर मी आता तसाच विश्वास ठेवत नाही. खिशातून टोपी काढली, कुंकू लागलेली, तिथेच उभं राहून लावली आणि सोबत आणलेली बाटली उघडली. मीटर लगेच ओरडलं, मोठ्यांदा, तुझ्या घरभर. बाटली बंद केली. आकडे एकेक उतरत शून्यावर आले.

म्हणजे मघाचं शून्य खरं होतं, मल्हारी. तू तिथे नव्हतास.